डाव्या गुडघ्याचं वर्ष

१४ ऑक्टोबर

मी रेषेला हात लावला होता. बाकी काही लिहायच्या आधी हे लिहून ठेवते.

कॉलेज-कॉलेजची सेमीफायनल. शेवटची रेड माझी. कॉर्नरच्या पोरीनं डावा पाय धरला, मी फिरले. वरचं अंग फिरलं आणि पाय तिथंच राहिला. गुडघ्यात कट् झालं. माझ्या कानांनी ऐकलं. तरी सरपटत गेले आणि बोटं रेषेपलीकडे टेकवली. आम्ही जिंकलो. बाकीच्या पोरी नाचल्या, मला आमच्या कोच वानखडे सरांनी उचलून गाडीत टाकलं.

आता घरी, अनसिंगला. गुडघा कुठला आणि मांडी कुठली हे कळत नाही एवढी सूज. आईनं बर्फ फडक्यात बांधून ठेवलाय. बाबा रेल्वेच्या ड्यूटीवरून आले, दारातूनच विचारलं, "पॉइंट भेटला का?"

भेटला.

१७ ऑक्टोबर

फायनल हरलो. रोशनीनं फोनवर सांगितलं. कॅप्टन आहे ती, पण रडत होती. "तू असती त..." मी म्हटलं, ठेव फोन.

अकोल्याला एमआरआय. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट पूर्ण तुटलंय. गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक पट्टा असतो, पाय वळवला तरी हाड जागेवर ठेवणारा. तो गेला. मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून तिथं नवा ओवतात. साधं चालणं-फिरणं, घरकाम, नोकरी एवढंच असेल तर ऑपरेशनशिवायही निभेल. कबड्डी असेल तर नाही. आणि केलं तरी पुढचा सीझन भेटेलच असं नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "सांग. गुडघा तुहा हाये."

मी म्हटलं, कबड्डी.

येताना एसटीत आई एमआरआयचं पाकीट मांडीवर धरून बसली. घरी आल्यावर फक्त, "चहा मांडू?"

२ नोव्हेंबर

सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतात. तोवर पाय सरळ करायचा आणि वाकवायचा, हेच काम.

इंझोरीवरून मामा आले. पाय पाहिला, डोकं धरून बसले. "पोरीच्या जातीले हे खेळ कायले पाह्यजे होते? आता गुडघ्यावर टाके पडतीन. उद्या पाहुणे आले त काय सांगसान?"

आई भाकर थापत होती. हात थांबवला नाही. "दादा, पाहुण्याइले गुडघे दाखवा लागतात काय?"

बाबांना ठसका लागला. मामा जेवून गेले, पण त्यानंतर विषय नाही काढला.

आई अंगणवाडीत दिवसभर लेकरांना हळू आवाजात समजावते. घरी तिला असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

२२ नोव्हेंबर

झालं ऑपरेशन. दोन दिवस झाले. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा ब्रेस.

नर्स म्हणाली, मांडी आवळ. मी आवळली. काहीच हाललं नाही. परत आवळली. नाही. ज्या मांडीनं मी पाच जणी ओढून नेल्या, ती आज माझं ऐकत नाही.

रडले नाही. बाथरूममधलं धरायचं नाही.

१२ डिसेंबर

वाशिमला सोनल मॅडमकडे फिजिओथेरपी सुरू. मॅडमच्या वडिलांचं कापडाचं दुकान, त्याच्यावर यांचा दवाखाना. म्हणजे ज्याचा पाय मोडला त्यानं आधी जिना चढायचा! पहिल्या दिवशी मी कुबड्या घेऊन खाली उभी. मॅडम वरून बघत होत्या. खाली आल्या नाहीत. "चांगला पाय आधी वर. मग कुबडी. ये."

चढले. मॅडमचे वडील गिऱ्हाईक सोडून बघत होते.

मग पालथं झोपवून गुडघा वाकवला. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही.

"दुखू दे," मॅडम म्हणाल्या. "रोज थोडं दुखलं पाहिजे. सुजलं तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

आवडल्या मला.

५ जानेवारी

आज टेकू न घेता ओट्यापासून नळापर्यंत. लंगडत नाही, चालत. आई बादली घेऊन उभी होती, बाजूला झाली. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं ध्यान नव्हतं तिला.

११ जानेवारी

शाहीन आली. शेलूबाजारची, आमच्या कॉलेजची फर्स्ट इयर. मी पडले त्या दिवशी ती राखीव होती, आता माझ्या जागी रेड करते. जीपनं वाशिम, तिथून एसटीनं इथं. संत्र्यांची पिशवी घेऊन.

बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणे, "दीदी, मले नाही जमून राह्यलं. डाव्या कॉर्नरनं पाय धरला की मी गेलीच. तुमी कशा निघत होत्या?"

खरं सांगायचं तर राग आला. माझी जागा घेतली आणि वरून माझीच युक्ती मागायला आली. आईनं चहा आणला. शाहीन कप घेऊन खाली जमिनीवर बसली, माझ्या पायाजवळ, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढं मोकळं मागणारीला नाही कसं म्हणायचं?

मी म्हटलं, "उठ. माझ्यासमोर उभी राह्य. मी खुर्चीवरून धरते तुहा पाय."

अंधार पडेपर्यंत अंगणात चाललं. मी खुर्चीत, ती धुळीत. पाय मागं ओढायचा नाही, आधी पुढं जायचं, धरणारीला वाटलं पाहिजे की ही आत येते. ती ओढायला गेली की मग उलटं. शाहीनच्या सलवारला भोक पडलं. खूश होऊन गेली.

२३ फेब्रुवारी

मंगरूळपीर. खुल्या गटाची स्पर्धा. मी बेंचवर, ब्रेस घालून, सरांच्या शेजारी.

शाहीनला डाव्या कॉर्नरनं धरलं. मी बेंचवरून ओरडले, "आत जा! आत!" ती आत गेली. कॉर्नरशेजारच्या, कव्हरच्या दोघीही पुढं आल्या, आणि मग ही पोट्टी अशी उलटली की तिघींना घेऊन रेषेवर पडली. मैदान उभं राहिलं.

मागं कोणीतरी सरांना विचारत होतं, "कोणाची चेली हाये हे?"

सरांनी अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं.

स्वतः पॉइंट आणला तेव्हा एवढं फुगले नव्हते. आमचा संघ पहिला आला. फोटोत मी खुर्चीवर, मधोमध, कारण रोशनी म्हणाली खुर्ची मधीच पाहिजे.

१९ मार्च

बाबांनी जुनी सायकल डबल स्टँडवर उभी करून ओट्यावर बांधून दिली. सीट उंच केली. त्यावर मी पायडल मारते आणि कुठेच जात नाही. समोरून जाणारी बाई विचारते, "कुठं निघाली वं प्रज्ञा?" मी म्हणते, अकोला. तिला आता रोजची सवय झाली.

डावी मांडी अजून उजवीहून बारीक. बाबा हातानं मापतात, म्हणतात, "येऊन राह्यली."

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी मी मिरवणुकीत सगळ्यात पुढं नाचते. सोनल मॅडमची सक्त ताकीद, नाचायचं नाही, वळायचं नाही, उडी तर अजिबात नाही. म्हणून पंचशील ध्वज हातात घेतला. पांढरी साडी, साडीखाली नी-कॅप.

चौकात कोणीतरी म्हटलं, पोरीले ट्रॉलीत बसवा, पाय दुखीन तिचा. मी नाही बसले. वेशीपासून विहारापर्यंत, ऊन डोक्यावर, ध्वज एकदाही खाली नाही. विहाराच्या पायऱ्या सरळ पायानं चढले. मामा इंझोरीवरून आले होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, "भाची हाये माही. कबड्डी खेळते."

बघा हे मामा.

८ मे

पळाले. वाशिमच्या मैदानावर, सकाळी, उन्हाच्या आत. सोनल मॅडम शिट्टी घेऊन हजर. पळणं म्हणजे काय, बदकासारखं. डाव्या पायाचा आवाज वेगळा येतो, थप्प. मॅडम म्हणाल्या, दोन्ही पायांचा आवाज सारखा येईपर्यंत कबड्डी हा शब्द काढायचा नाही.

नाही काढला. मनात काढला.

२७ जून

आवाज सारखा येतो. बाबांना डोळे मिटायला लावून पळून दाखवलं. "डावा कोणता ते सांगा." नाही सांगता आलं.

११ ऑगस्ट

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाय फिरवून, ओढून पाहिला. एका पायावर उड्या मारायला लावल्या. "हळूहळू सराव सुरू कर. सामन्याचं मॅडम आणि सर ठरवतील."

बाहेर आल्यावर बाबांनी रसवंतीवर नेलं. आईला फोन लावला, मला दिला. मी म्हटलं, खेळू शकते. पलीकडून अंगणवाडीतल्या लेकरांचा गलका. मग आईचा आवाज, त्या लेकरांना, "टाळ्या वाजवा रे, टाळ्या वाजवा!" त्यांना काय माहीत कशाच्या. पण वाजवल्या.

२९ ऑगस्ट

मैदानावर पाय ठेवला आणि माझ्यातली रेडर कुठं गेली कळेना.

दम आहे, वेग आहे. पण डाव्या पायावर वळायची वेळ आली की अंग आपोआप उजवीकडे जातं. मी ठरवते डावीकडे, जाते उजवीकडे. आणि पोरी? मला धरतच नाहीत. हात लावल्यासारखं करतात आणि सोडतात. मी सहज सुटून येते, टाळ्या वाजवतात. लाज वाटली.

शाहीननं पाणी पिताना हळूच सांगितलं, "दीदी, तुमी डाव्या बाजूले जाऊनच नाही राह्यल्या."

माहीत आहे मला. तिला कळलं तर सगळ्या विद्यापीठाला कळेल.

६ सप्टेंबर

सोनल मॅडमला सांगितलं. वाटलं, नवीन व्यायाम देतील. त्या म्हणाल्या, "गुडघा तयार आहे. मी दाबून पाहिलाय, ओढून पाहिलाय. आता तुझ्या मैत्रिणींना ओढू दे."

एवढंच. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

९ सप्टेंबर

आज.

सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, "मी काय काचेची हाओ काय? आज मले कोणी सोडलं त तिच्याशी बोलणार नाही." सरांनी शिट्टी तोंडातून काढली, परत घातली.

शाहीनला म्हटलं, "तू डाव्या कॉर्नरले ये. हाच पाय धर. पडली तरी सोडू नको."

"दीदी, मले भेव वाटते."

"मलेही वाटते. धर."

गेले. कबड्डी कबड्डी म्हणत डावीकडे, मुद्दाम, पाय पुढं टाकून. तिनं धरला. खरंच धरला, घोट्याला दोन्ही हात. मला तो जुना आवाज ऐकू आला, कट्, पण तो डोक्यात होता, गुडघ्यात नव्हता. दम संपत आला होता. आत गेले. कव्हर पुढं आली. मग उलटले, डाव्या पायावर, सगळं वजन घेऊन, आणि गुडघा तिथंच, जागेवर, माझ्याखाली. शाहीन घोट्याला लटकलेली, मागून रोशनीनं कंबर धरलेली, आणि मी दोघींना ओढत ओढत...

रेष.

उठून उभी राहिले. पाय हलवला. वाकवला. बसले, उठले. शाहीन मातीत बसून रडत होती आणि हसत होती. "नाही सोडला दीदी, मी नाही सोडला!"

घरी गुडघा बघितला. सूज नाही. आईनं पण पाहिला, दाबून, मग टाक्यांच्या डागावर तेल लावलं. मी म्हटलं, आई, दुखत नाही. म्हणे, माहीत हाये, गप बस.

३० सप्टेंबर

सगळे सराव सामने खेळले. चांगल्या दिवशी शाहीनपेक्षा बरी, वाईट दिवशी नाही. ती आता वेगानं माझ्या पुढं आहे. डोक्यानं मी. सर दोनच रेडर घेऊन उतरतात, बाकी पाच धरणाऱ्या. एक रोशनी ठरलेली. उरली एक जागा.

सरांना विचारलं नाही. शाहीननंही विचारलं नाही. आम्ही दोघी सरावानंतर थांबतो आणि एकमेकींचे पाय धरतो.

७ ऑक्टोबर

कारंज्याला निघालो. पुन्हा तीच कॉलेज-कॉलेजची स्पर्धा, पहिला सामना दुपारी. सर म्हणाले, पहिल्या सात जणी मैदानावरच सांगीन.

आईनं सुटी टाकली. आजवर माझा एकही सामना तिनं पाहिलेला नाही, मी सांगायचे आणि ती ऐकायची. आज ठेचा-भाकरीचा डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली, सरांना मागं बसावं लागलं.

हे शेलूबाजारच्या फाट्यावर लिहीत आहे. शाहीनला घ्यायला थांबलो. तिला सोडायला तिची अम्मी आली होती. शाहीनची बॅग जीपवर टाकेपर्यंत दोघी आया एकमेकींकडे बघत होत्या. मग अम्मीनं विचारलं, "ते ऑपरेशनवाली पोरगी तुमचीच काय?"

आई म्हणाली, "हो. खेळते ते." आणि सरकून जागा केली. "चाला ना तुमीही. तुमची पण खेळते."

अम्मीनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा शाहीनकडे. ओढणी डोक्यावर नीट केली आणि चढली.

आता दोघी पुढं दाटीवाटीनं बसल्यात, डबा मधे. दोघींपैकी एकीचीच पोरगी मैदानात उतरणार हे दोघींना माहीत नाही. शाहीन माझ्या खांद्याला टेकून बसली आहे. जीप सुरू झाली, अक्षर हालून राह्यलं