पुनरावृत्ती संगणकाची आहे

जुने शहर, अकोला
३० जानेवारी २०२६

ती. दादास,

नमस्कार. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थेंब चालू आहेत, आठवडाभर वाचायला मनाई आहे. देवश्रीवहिनीचे लाडू पोचले आणि संपले.

तू विचारलं होतंस, 'तुझ्या त्या खरखरीला आता लोक काय म्हणतात?' टोमणा होता. तरी उत्तर देते.

'चमक' ही तेवीस मिनिटांची रचना मी दिवाळीत इंटरनेटवर टाकली. बाबांनी म्हटलेला रुद्रातला चमकाचा पाठ, खाली माझे मंद स्वर. बर्लिनच्या एका समीक्षकानं लिहिलं, 'एक म्हातारा माणूस एकाच घरात नऊ वेळा शिरतो आणि दर वेळी भिंती चाचपतो. वर्षभरात इतकं खरं काही ऐकलं नाही.' माझ्याबद्दल असं पहिल्यांदाच कोणी लिहिलं होतं.

मग तुझा फोन आला. तुमच्या जुन्या यजमानांच्या, बापूसाहेबांच्या सुनेनं शेंदूरजनाघाटात ते घरभर ऐकवलं होतं आणि बाकीचे यजमान विचारत होते, गुरुजींना विसर पडून राहिला का? तुझी मागणी एका ओळीची होती. मी ती रचनेखाली टाकली : 'यातील पुनरावृत्ती संगणकावर केलेली आहे.'

त्यानंतरचे अभिप्राय असे. बर्लिनवाल्यानं लेख मागे घेतला. मग ही नुसती कात्री आहे, म्हणाला. मुंबईच्या एकानं लिहिलं, 'वडिलांना यंत्रात घालून पिळणारी मुलगी.' पुण्याहून : 'तोच तुकडा नऊ वेळा चिकटवायला संगीत यावं लागत नाही.' अकोल्यात कोणी लिहिलं नाही. समोरच्या कौशल्याकाकू फक्त म्हणाल्या, "काहून वं पोरी, बापाचीच मजाक करून राहिली?"

ओळ टाकल्यावर तू मला अंगठा पाठवला होतास. फक्त अंगठा.

श्रावणात बापूसाहेबांकडे काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण आपल्या दोघांपैकी कोणी ते अजून उच्चारलेलं नाही.

मला पाठ कोणी शिकवला नाही. तू शिकत होतास तेव्हा मी आत भाजी निवडत होते, तेवढ्यात तो मला तोंडपाठ झाला. 'च मे, च मे' म्हणताना एके जागी बाबांची ओळ घसरली आणि पाठ दोन अनुवाक मागे गेला. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा मागे. दुसऱ्या फेरीत मला कळलं. तुला त्याआधी कळलं असणार. तू त्यांच्या उजव्या हाताला होतास. ते अडले की पुढचा शब्द हळूच म्हणायचा, एवढंच तुझं काम. तू माझ्याकडे पाहिलंस.

चौथ्या फेरीला बापूसाहेब हसले. "गुरुजी आज एकावर एक फ्री देऊन राहिले का आमाले?" सगळे हसले. तूही.

नवव्या फेरीनंतर बाबा आपणच थांबले आणि पाणी मागितलं.

तू का गप्प बसलास ते मी विचारत नाही. मी का, ते सांगते. मी पाठ रेकॉर्ड करत होते, माझ्या कानाला हेडफोन होते आणि आवाज सुंदर येत होता. मनात म्हटलं, आणखी एक फेरी होऊ दे. नंतर मी त्यातला एक श्वासही कापला नाही की पुन्हा जोडला नाही. तुझ्या ओळीतला एक शब्दही खरा नाही, हे मी ती टाकताना तुला सांगितलं नाही, कारण ते तुला माहीत होतं.

काल दुपारी बाबा म्हणाले, "काय काय लिहून राहिले लोक, वाच." मी सगळं वाचलं. मुंबईचंही. शेवटी ती ओळ.

"ही कोणाची?"

"माझी."

"मशीननं नाही केलं ते. मी चुकलो."

मी म्हटलं, दादाला वाटतं, तुमचं नाव राहावं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "तिसऱ्या फेरीले मले समजलं होतं. बाहेर निघायची वाट सापडत नव्हती. मी पुष्करकडे पाहून राहिलो होतो. बाजूले दुसरा कशाले बसवतात?"

नंतर माझ्याकडे चेहरा वळवून, "अन् तुले तर सगळं ऐकू येत होतं."

मी दुपारचे थेंब त्यांच्या डोळ्यात घातले.

आज सकाळी ती ओळ काढली. तिच्या जागी बाबांनी सांगितलेली टाकली : 'पाठ चुकला आहे. म्हणणारा मी.' खाली त्यांचं पूर्ण नाव आहे. तू आता फोन करशील. मी उचलणार नाही.

शिवरात्रीला बापूसाहेबांकडे बाबांना न्यायला येऊ नकोस. त्यांचा निरोप जसाच्या तसा देते : "पुष्करनं एकट्यानं म्हणावं. बाजूले कोणी नको."

त्या दिवशी तुझ्यासारखीच ऐकत बसलेली,
इशिता