ठमीचा पहिला पेपर

अलिबाग, ता. १३ जानेवारी १९३५

ती. सौ. ताईस,
दत्तूचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी रोज रेवदंड्याला जाऊन येऊन वाळलो असेन अशी तुला काळजी, पण सर्व्हिस मोटारीत बसून कोणी वाळत नाही, फक्त धुळीनं तांबडा होतो. टपावर कोळणींच्या पाट्या असतात. उतार आला की त्यांतलं पाणी बरोबर माझ्या टोपीवर गळतं. पुढच्या बाकावर कचेरीतली मंडळी आणि चौलचे दोन-तीन प्रतिष्ठित गृहस्थ. आताशा मलाही त्यांच्यात सरकून जागा मिळते. मला उशीर झाला तर मोटारवाला भोंगा वाजवून थांबतो. शाळामास्तरासाठी मोटार थांबते, ताई.

शाळेत गंमत चालूच असते. परवा सदूला विचारलं, सूर्य कुठे मावळतो. तो म्हणाला, आमच्या होडीच्या मागं. नकाशात पश्चिम दाखवली, तर म्हणतो तिथं पाणीच न्हाय. यंदा स्कॉलरशिपच्या परीक्षेला चार मुलं बसवतो आहे. त्यांत ठमी आहे, महारवाड्यातल्या धर्माची मुलगी. दिवाळीपर्यंत ती बाहेर ओटीवर बसून खिडकीतून धडे ऐकायची. हेडमास्तरांशी आणि चार गावकऱ्यांशी भांडून मी तिला वर्गात आणून बसवली. कविता एकदा ऐकली की तिला पाठ होते, लेखनात एक काना इकडचा तिकडे होत नाही. भाषेचा पेपर तर तिच्या हातचाच. आमच्या शाळेत असं कधी घडलं नव्हतं.

रावसाहेबांस नमस्कार, मुलांस गोड पापा. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
दत्तू


दिवेआगर, ता. २६ जानेवारी १९३५

चि. दत्तूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले की तुमच्या भावाची मोटार फारच उंच चाललेली दिसते. मनावर घेऊ नकोस, पण 'मी' जरा कमी लिहीत जा.

वाडीत सुपारी वाळत घातली आहे, त्यामुळे अंगणात पाय ठेवायला जागा नाही. धाकट्याचा खोकला आता बरा आहे. तुझ्या त्या ठमीसाठी परकर-पोलकं शिवून पाठवते आहे. माझ्या हिरव्या लुगड्याचं आहे, काठ अजून चांगले होते. परीक्षेला अलिबागेस जायचं तर मुलीच्या अंगावर धड काही हवं. तिला सांग, मास्तरांच्या बहिणीनं दिलं.

मुरूडच्या स्थळाचं पुन्हा विचारणं आलं आहे. तू नेहमीप्रमाणे तीन पानं कारणं लिहिशील, ती वाचायला मी बसलेच आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


अलिबाग, ता. १९ फेब्रुवारी १९३५

ती. सौ. ताईस,
दत्तूचे सा. न. वि. वि.

परीक्षा पार पडली. आदल्या दिवशी रेवदंड्यासच राहिलो आणि सकाळच्या मोटारीनं मुलांना घेऊन आलो. सदू व कान्हा यांना पेपर बरे गेले, तिसऱ्याचं सांगवत नाही. ठमीला यायला उशीर झाला, त्यामुळे तिचा भाषेचा पेपर हुकला. गणिताला बसली. मोटारीत गर्दी फार होती. परकर तिला छान बसला.

इथे उन्हं वाढू लागली आहेत. मुरूडच्या स्थळाबद्दल तू आणि रावसाहेब ठरवाल तसं.

लोभ आहेच, तो राहावा.

दत्तू


दिवेआगर, ता. ४ मार्च १९३५

चि. दत्तूस आशीर्वाद.

मुरूडच्या स्थळाला तू एका ओळीत हो म्हणालास, तेव्हाच माझ्या मनात आलं की दत्तूचं काहीतरी बिनसलं आहे. चौघं एका गावची, एका मास्तरासोबत निघालेली. मग त्यांतल्या एकीलाच उशीर कसा होतो, हे मला उलगडेना.

परवा रेवदंड्याचे वली शेठ सुपारी बघायला आले होते. पडवीत चहा घेताना मोटारीच्या प्रवासाचं बोलणं निघालं. त्यांना ठाऊक नव्हतं मी कोणाची बहीण. म्हणाले, मागल्या महिन्यात एक मास्तर पोरं घेऊन मोटारीत बसले होते. हिरव्या परकरातली एक पोर होती, तिची जात कळली आणि लोकांनी तिला उतरवली. मास्तर बाहेर बघत बसले. सांगता सांगता ते कपातच बघू लागले. म्हणाले, "बाई, दुसऱ्याला काय बोलू, मीपण गपच होतो. रोज नमाज पढतो, पण त्या येळी तोंडातून लफ्ज निघाला नाही."

मी त्यांना काही सांगितलं नाही. आत येऊन चुलीपाशी बसले. यांना अजून बोलले नाही, कारण माझ्या तोंडून ते निघणार नाही.

तुला रागवायला मी तिथे नाही आणि लांबून रागावून उपयोग नाही. मला खुलासा लिहीत बसू नकोस. आधी त्या मुलीच्या घरी जा.

ताई


अलिबाग, ता. ११ मार्च १९३५

ती. सौ. ताईस,
दत्तूचे सा. न. वि. वि.

वली शेठनी तुला अर्धंच सांगितलं. मी नुसता गप्प बसलो असतो तर तेही चाललं असतं म्हणायची वेळ आहे.

मोटार सुटायच्या बेतात होती. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी कौतुकानं मुलांना नावं विचारली. परीक्षेत कोणी नाव विचारलं तर मान वर करून, वडिलांच्या नावासकट आणि वस्तीसकट सांगायचं, हे मी आठवडाभर घोकून घेतलं होतं. ठमीनं तसंच सांगितलं. ते गृहस्थ उठून उभे राहिले, मागचे दोघेही उठले. मोटारवाल्यानं यंत्र बंद केलं आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमीच काय ते सांगा तिला."

आणि मी सांगितलं. ठमे, उतर, पायी ये, वेळ आहे अजून. वेळ नव्हता, हे मला माहीत होतं. वर्गात फळा पुसायला सांगितला की म्हणते तसं ती "व्हय गुरुजी" म्हणाली आणि उतरली.

बाकीच्या तिघांची परीक्षा बुडेल म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला अलिबागेपर्यंत समजावलं. पण चौघांनाही उतरवून आम्ही सगळेच चालत निघालो असतो, हे मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. मग उद्यापासून त्या बाकावर मला कोणी जागा देणार नाही, हेही त्याच क्षणी सुचलं. पहिला पेपर सुटून मुलं बाहेर येत होती तेव्हा ती पोचली. गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ, परकर वर खोचलेला, मळू नये म्हणून. पेपर पुन्हा घेण्यासाठी मी अर्ज केला. तशी सोय नाही, असं उत्तर आलं.

काल तू सांगितल्याप्रमाणे धर्माकडे गेलो. तो लाकडं फोडत होता. मला पाहून कुऱ्हाड टाकून दूर उभा राहिला आणि मी तोंड उघडायच्या आत हात जोडून म्हणाला, "गुरुजी, चूक पोरीचीच झाली. तिनं गाडीत चढायाच नको व्हतं. तुमाला लोकांत खाली बघाया लागलं. पण तिला साळेतनं काढू नका." मी नाव कमी करायला आलो असं त्याला वाटलं होतं. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी माफी मागायला आलो आहे. ते ऐकून तो जास्तच घाबरला. न्हाय न्हाय म्हणत मागे सरकत राहिला. मी माफी मागावी आणि त्यानं भ्यावं, अशी माझी माफी.

तेवढ्यात ठमी पाटी घेऊन बाहेर आली. तिनं विचारलं, "गुरुजी, पयल्या पेपरात काय काय आलं व्हतं?"

मला सगळे प्रश्न आठवत होते. तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसलो आणि एकेक सांगू लागलो. ती लिहायची, पाटी माझ्यापुढे धरायची, मी वाचलं की हातानं पुसून पुढचा प्रश्न मागायची. समुद्रावरचा निबंध चार पाट्यांचा झाला. एकही चूक सापडली नाही. मी शोधत होतो, ताई, निदान एखादी सापडावी म्हणून.

शेवटी तिनं विचारलं, किती मार्क. मी म्हणालो, सगळे.

ती बापाकडे वळून म्हणाली, "आबा, मी पास व्हते." धर्मा हसला, आणि मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला.

आज पुन्हा त्याच मोटारीनं आलो. मला जागा करून दिली, मी बसलो नाही. उभाच आलो. कोणी कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उद्या सांगेन, असं आजही म्हणतो आहे. मुरूडच्या मंडळींना थोडं थांबायला सांग. आपला मुलगा कसा आहे हे त्यांना काय सांगावं, याचा तूही विचार कर.

माया राहू दे असं लिहायला हात धजत नाही. तुला वाटेल तेव्हा दोन ओळी टाक.

दत्तू