जाडा आवाज

चि. रोहिणीबाईसाहेब,

कोरीटला तुझी एक आजीमाय राहते, आठवतंय का? मी बोलते, तुझी आई लिहिते.

नवी नवरी असताना कानबाईची गाणी म्हणायला बसले, तर सासू म्हणाली, "तुन्हा आवाज गडीमाणूसनागत शे, देवी घाबरी जाई." तेव्हापासून मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. तोच जाडा आवाज तुला आला. पुण्यात स्टेजवर तू तो मोकळा सोडलास, मी मोबाईलवर ऐकला.

यंदा कानबाईला नदीवर बोळवताना गाणं मीच उचललं. बायका माझ्यामागून म्हणू लागल्या. देवी घाबरली नाही गं.

हे पत्र तुझ्या आईला पोस्टात टाकू देणार नाही, वाचून डोक्यावर चढशील. फोनवर एवढंच सांगेन: गळा बसलाय, खडीसाखर पाठव, मोठ्या खड्यांची.

तुझ्याच आवाजाची,
आजीमाय