पाशा नक्की कुणाचा

३ जून, सकाळ.
घोट्यावर पुन्हा लाल चट्टे. पिसवा! पाशानेच आणल्या असणार. पाशा म्हणजे माझा करडा बोका. मुआला म्हणते, तुमचा कसला, अख्ख्या गल्लीचा आहे. बायकोला काय कळतंय! रोज सकाळी सार्डिन मासे मी घालतो, म्हणजे बोका माझा. संकल्प: पिसवांचा शास्त्रशुद्ध नायनाट.
मुआला म्हणे, आधी सोफ्याखालचा गालिचा झटका. तो गालिचा माझ्या आईचा आहे. आईच्या गालिच्यात पिसवा? काहीतरीच!

दुपार.
मांजरांच्या डॉक्टरकडे, इपेककडे गेलो. कालची पोर, पण तोरा बघा! म्हणाली, मांजराचंच औषध घ्या, वजन बघून, महिन्यातून एकदाच. कुत्र्याचं चुकूनसुद्धा नको. आणि रिफ्कीकाका, आधी कुणी काही लावलंय का ते गल्लीत विचारा. म्हटलं, विचारायचं कुणाला? मालक मी. ती नुसतीच हसली. माझा आत्मविश्वास आवडलेला दिसतो.

५ जून, सकाळ.
मानेवर औषधाचे थेंब टाकले. हात जराही थरथरला नाही. आयुष्य बोटीवर काढलंय मी (दोर बांधायला, पण कॅप्टनच्या हाताशीच). पाशाची मान आधीच चिकट होती, वासही येत होता. घाम असेल. मांजरांना घाम येतो का? येत असावा.

संध्याकाळ.
पाशा थरथरतोय. लाळ गळतेय. मुआलाला सांगितलं, औषध लागू पडतंय. ती ओरडली, अहो जीव चाललाय त्याचा, उचला आधी! शालीत गुंडाळून अनवाणीच पळालो. पाशा गेला तर मी सकाळी उठू कशासाठी?

६ जून.
इपेकने त्याला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतलं, थरथर थांबायला इंजेक्शन दिलं. विचारलं, आणखी कुणी काय लावलं? म्हटलं, कुणी नाही, मालक मी. तेवढ्यात झेकी न्हावी धापा टाकत आत आला. म्हणे, माझ्या दुमानला काय झालं? दुमान! माझ्या पाशाला? मागोमाग फेरिदे शिंपीण, त्यालाच माझा लोकुम, माझा लोकुम करत.
दोघांनीही याच आठवड्यात थेंब टाकलेले. झेकीने तर मेव्हण्याच्या कुत्र्याचे उरलेले. वाया कशाला घालवायचे, म्हणे! मी त्याच्या अंगावर धावून गेलो. इपेक म्हणाली, काका, तुम्ही गप्प बसा. कुत्र्याचं ते औषध मांजराला विष आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी आपापलं प्रेम एकाच मानेवर ओतलंत. विचारलं असतंत तर?
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. प्रश्न झेकीला होता.

८ जून.
वाचला! मी रडलो नाही. डोळ्यांत साबण गेला होता. परवाचा.
चहाखान्यात गल्लीची बैठक झाली. यापुढे औषध एकानेच लावायचं आणि खूण म्हणून बोक्याच्या गळ्यात लाल फीत बांधायची. जबाबदार माणूस हवा म्हटल्यावर मी नम्रपणे उभा राहिलो. एकमताने मुआलाला निवडलं. हात मीही वर केला. काय करणार, ती बघत होती.

१० जून.
चट्टे तसेच. इपेक म्हणते, अंग विंचरून पाहिलं, पाशाच्या अंगावर एक पिसू नाही, मेलेलीसुद्धा नाही. घरात शोधा, काका.
गालिचा झटकला. आईची मनोमन माफी मागितली. मुआलाने नुसती काठी पुढे केली.
पाशा दारात आला, सोफ्याकडे बघून शिंकला आणि झेकीच्या दुकानात खुर्चीवर जाऊन झोपला.
संकल्प: यापुढे बोका पाळायचा नाही.

संध्याकाळ.
दाराशी सार्डिन ठेवलंय. कुणीही खावं, आपलं काय जातंय. तरी सहज हाक मारली, पाशा! त्याने कानसुद्धा हलवला नाही. पुन्हा मारली. नाहीच.
मग गल्लीत कुणी नाही असं बघून हळूच म्हटलं, दुमान.
आला.