धसका कुठे बसतो

माय,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुला काही सांगावं असं मला कधी वाटलं नाही. सांगण्यासारखं जे असे ते मी तू असतानाच सांगून टाकत असे, तेही वरच्या पट्टीत. आज दुकानात काम नाही. विहिरीवरच्या मोटारी जळायचा हंगाम अजून लागला नाही, वार्निश दिलेली एकच मोटार उन्हात वाळते आहे. म्हणून बसलो.

तो दिवस तू विसरली नसशील. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि शाळेची वेळ झाली की रोज तिचं पोट दुखायचं. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, पोरगी तुझ्या मांडीला चिकटून मुटकुळं करून पडली आहे, आणि ओसरीत आंजी गावाहून जळकी मोटार घेऊन आलेले दोघं चहा पीत बसले आहेत. तू म्हणालीस, "पोरीले धसका बसला." मी ओसरीतूनच, त्या दोघांना ऐकू जाईल असं विचारलं, "धसका बसते कुठी माय? खुर्चीवर का बाजीवर?" दोघं खदखदले. एकानं भर घातली, "बाजीवरच बसत असन जी, खुर्ची कुठी आहे तुमच्या घरी!" तू भाकर उलटवलीस आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तू बाहेर जाय आधी. मंग उतरते तो." मला वाटलं, मीठ-मोहरीचा काही तोडगा असेल, पुरुषानं पाहू नये असला. अडाणीपणाला हसत मी दुकानात गेलो. थोड्या वेळानं पोरगी दप्तर घेऊन उड्या मारत शाळेत गेली, आणि मी श्रेय आदल्या दिवशी डॉक्टरनं दिलेल्या गोळीला दिलं.

धसका कुठे बसतो हे मला आता कळलं आहे. अर्धवट माहिती मला खपत नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळा सुटली तरी जळक्या मोटारी उघडून, वेढ्यावर वेढा मोजून मी वाइंडिंग शिकलो, कोणी उस्ताद नव्हता. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी शिकलो. तशीच धसका जिच्यात बसतो ती नसही शिकलो. व्हेगस म्हणतात तिला. लोक एक नस म्हणतात, ते चूक. जोडी आहे, उजवी आणि डावी. मेंदूच्या बुडातून निघते, गळ्यातून उतरते, काळजाला लागते आणि पोटात जाऊन पसरते. धोका टळला की काळजाचा वेग खाली आणायचं काम तिचं. मी मोटारवाला, मला वाटलं स्टार्टरकडून मोटारीकडे जावा तसा वरून खाली हुकूम जात असेल. पण तिच्यातल्या बहुतेक तारा खालून वर बातमी नेतात. पोट मेंदूला सांगतं. आणि आपण तांब्याच्या तारेवर वार्निश चढवतो तसं यातल्या काही तारांवर चरबीचं आवरण लहानपणी हळूहळू चढत जातं. तोवर लेकराला स्वतःहून शांत होणं पुरतं जमत नाही, ते मोठ्या माणसाच्या आवाजातून, चेहऱ्यातून, मांडीच्या उबेतून शांतपणा उसना घेतं. काही बाबतींत शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, तेही मी वाचलं आहे.

हे सगळं वाचायचं कारण, मुलगी या सुट्टीत तिच्या लेकीला घेऊन आली. तिला नागपूरला नोकरी लागली आहे, म्हणून यंदा लेकरू आमच्याकडे ठेवावं, गावच्या शाळेत घालावं असं ठरत होतं. तुझी सून तर हरखून गेली होती. पण लेकरू ताटली पडली तरी दचकतं, जेवताना पोट धरतं. मी म्हटलं, हे आपल्याला दुरुस्त करता येईल. श्वास लांब सोडला की ही नस काळजाला धीमं करते, हे खरं आहे. मग रोज सकाळी अंगणात सतरंजी टाकून मी तिचा सराव सुरू केला. चुटक्या वाजवून मोजायचो. ती अर्ध्यातच थांबायची.

"लांब सोड! लांब म्हटलं न! मधातच काऊन तोडते?"

"आबाजी, संपला न श्वास."

"संपत नसते! पोटात आहे अजून, काढ!"

तिनं दोन्ही हातांनी पोट आवळलं. मुलगी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "बाबा, तुमी तिले शांत करून राह्यले का भेववून राह्यले?"

"मी शास्त्राप्रमाणं करून राह्यलो. तुले माहीत नाई, ही जी नस आहे—"

"नस नाई माहीत मले," ती अगदी हळू बोलली. "तुमचा आवाज माहीत आहे. तुमची गाडी फाटकाशी वाजली का अजून माह्या पोटात गोळा येते. एवढी मोठी झाली मी, तरी येते." मग लेकराला उचलून घेत म्हणाली, "तुमी जरा बाहेर जा, बाबा."

फाटकाबाहेर रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा तुझं ते वाक्य मला कळलं, माय. तोडगा वगैरे काही नव्हता. मी बाहेर जाणं, एवढाच तोडगा होता. शाळेच्या वेळी तिच्यावर रोज ओरडणारा मीच होतो. पोरीला कोणाचा धसका बसला हे तुला त्या दोघांसमोर सांगता आलं असतं, तू सांगितलं नाहीस. मी तुझी चारचौघांत फजिती केली आणि त्याच घटकेला तू माझी अब्रू झाकलीस. मला त्याचा पत्ताही लागला नाही, मी गोळीचं नाव सांगत गावभर फिरलो.

मुलगी भांडली नाही. भांडली असती तर मला उत्तर होतं. "तिकडंच पाळणाघर पाहीन," एवढंच म्हणाली. उद्या दोघी जाणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे उघडच आहे. पण एक सांगतो. मी तुला लिहायला बसलोच नव्हतो. मुलीला लिहायला बसलो होतो. ती भिंतीपलीकडे कपड्यांच्या घड्या घालते आहे, हाक मारली तर ऐकू जाईल, पण माझी हाक तिच्या पोटात कुठे जाते हे आता मला माहीत आहे. कागदावर 'बेटा' लिहिलं आणि पुढे हात चालेना. मग ते खोडलं आणि तुझं नाव घेतलं.