काळ्या टेपची बॅटरी

६ ऑक्टोबर, सोमवार
विसरली म्हणे! मावशी बॅटरी चार्जिंगला लावायची विसरली! एवढ्या माणसांसमोर. ग्लायडर क्लबचा सेक्रेटरी झाला म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं व्हय? अकरा वर्षं लॉगरच्या बॅटऱ्या मी बघते. घेतलंतं झाडू मारायला, पण बॅटऱ्यांची खोली मीच सांभाळली. हिरवा दिवा लागल्याशिवाय एक बॅटरी बाहेर दिली न्हाय. कालपण हिरवाच होता.

ऋतुजा काल पाच तास वर होती. पेठ वडगावच्या मास्तरांची पोरगी. इंजिन न्हाय, नुसतं वाऱ्यावर. ग्लायडरच्या बिल्ल्याला सलग पाच तास लागतात, आणि आतल्या लॉगरच्या डबीनं लिहून ठेवले तरच ते खरे. उतरली तेव्हा ओठ फुटलेले, तरी हसत होती. लॉगर काढून बघितला तर तिसऱ्या तासालाच बंद. पोरीच्या हातात पाण्याची बाटली तशीच.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, खोलीची किल्ली रविवारी जमा करा. इथून पुढं झाडलोट आणि चहा.

७, मंगळवार
सकाळीच गेले. ऋतुजाला दिलेली ती बॅटरी, अर्ध्या विटेएवढी. पुरी चार्ज केली, मोटारीचा बल्ब लावला, घड्याळ घेऊन समोर बसले. माझी तपासणी हीच. बॅटरी चांगली असली की सकाळी लावलेला बल्ब जेवायच्या सुट्टीपर्यंत जळतो. हा अर्ध्या तासात पिवळा पडला, मग विझलाच.

ही तर श्रावणात मी बाद केलेली! अंगावर टेपचा चिकटा अजून हाय. भंगारात टाका म्हणून तेव्हाच सांगितलंतं. साहेबांनी मीटर लावून दाखवलं, "बारा पॉइंट आठ. काय धाड भरलीय हिला?" म्हटलं, बसल्या जागी सगळेच धडधाकट दिसतात साहेब, पोतं उचलायला सांगा. हसले. राहू दे म्हणाले. मग मीच तिला काळी टेप गुंडाळून फळीच्या टोकाला ठेवली. सहाही बॅटऱ्या एकसारख्या, खूण तेवढीच.

टेप गेली कुठं? साहेबानंच काढली असणार. मीटर खरं करून दाखवायला.

९, गुरुवार
बाबूमामाला धरलं. विंचवर असतो तो, दोर ओढून ग्लायडर वर सोडतो. म्हटलं, खरं सांग, टेप साहेबानं काढली का न्हाय?
"तूच की काढलीस."
"मी?"
"खंडेनवमीला. पूजेत काळं नको म्हणालीस. नखानं काढत बसलीतीस. मी झेंडू आणाय गेलतो."
व्हय. आठवलं. सहाही पुसून पाटावर मांडल्या, हळदकुंकू लावलं. सणाला तिला एकटीला फळीवर ठेवणं बरं वाटलं न्हाय. पूजा झाल्यावर सगळ्या परत चार्जरला. टेप मात्र…
दोन दिवस साहेबाला मनात शिव्या घालत होते.

१०, शुक्रवार
ऋतुजाला फोन केला. सरळ सांगितलं. 
"मावशी, पाच तास धरून बसलोतो मी. शेवटी शेवटी पाण्याचा घोट घेतला न्हाय."
माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "डायपर लावायचा की."
हसली. मग रडली. दिवाळी झाली की नोकरीला बेंगलोरला जाणार. या रविवारी जमत न्हाय, १९ चा तेवढा उरलाय. वडील सोडतील का माहीत न्हाय म्हणाली.
दिवसभर तेच डोक्यात. पोरगी खरंच वर होती, सगळ्यांनी मान वर करून बघितलं. तरी कागदावर न्हाय. आणि कशापायी, तर मला पूजा चांगली दिसायला पाहिजे होती.

१२, रविवार
किल्ली द्यायला गेले. सगळे चहाला जमलेले. उभी राहून सांगितलं, टेप मी काढली, चूक माझी.
साहेब म्हणाले, "बघा! मी काय म्हणत होतो?"
"तुम्ही म्हणत होता चार्जिंग विसरली. ते खोटं हाय. आणि बाद झालेली बॅटरी खोलीत ठेवा म्हणून कुणी सांगितलं?"
बाबूमामा बशीतल्या चहात बघत बसला.
साहेब म्हणाले, "काय असंल ते लेखी द्या. कमिटीपुढं ठेवू."
किल्ली त्यांनी मागितली न्हाय. मी दिली न्हाय.

१३, सोमवार
अर्ज दिला. अक्षर वाकडं आलं, येऊ दे. नक्कल इथं ठेवते.

"टेप मी काढली, कबूल. त्याची शिक्षा द्या, नुसतं झाडायला लावा, झाडीन. पण १९ ला ऋतुजा परत बसणार हाय, तिचे वडील हो म्हणालेत. त्या दिवशीची बॅटरी बल्बावर तपासून जाणार का मीटरवर? आणि बाद झालेली त्याआधी भंगारात जाणार का न्हाय? एवढंच विचारते. शुक्रवारी वसुबारस. त्या दिवशी पाचच्या आत सांगा. तोंडी नको. कागदावर, खाली सही करून."