पिंजाईवरची आडवी रेघ

बाबा, परवा झरी जामणीला जाऊन आले. तिथल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात आपल्या गाद्या पोचवल्या. ढाणकीहून झरी म्हणजे जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाणं. गाडीवाल्याने वाटेत दोनदा विचारलं, "ताई, आपण तेलंगणात तं नाही ना घुसलो?" गाद्या उतरवल्या तशा मुली चादरीची वाट न बघता त्यांच्यावर चढल्या. एक जण तर आडवी झाली ती उठेचना. अधीक्षिकाबाई ओरडायला लागल्या, मी म्हटलं, झोपू द्या, त्यासाठीच तर भरली आहे. परत येताना मी इतकी खूश होते की वाटेत दोन वेळा भजी खाल्ली. तुम्ही असता तर तिसऱ्यांदाही थांबवली असती गाडी.

पण हे काम सहज मिळालेलं नाही, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यामागे फोमच्या गाद्या आल्या आणि कापसाच्या मुलखात लोकांना कापसाची गादी जड वाटायला लागली. पिंजायची मशीन आठवड्यातून एखादा दिवस चालायची. आम्ही चौघी बायका उरलो होतो, त्यातली तुमच्या वेळची मावशी अजून काठ शिवते, डोळ्यांना दिसत नाही तरी टाका चुकत नाही. हे सरकारी काम मिळालं नाही तर मशीन भंगारात द्यायची, असं मी ठरवूनच टाकलं होतं. घेणारा दोनदा येऊन मशीन हाताने ठोकून बघून गेला होता. मला ते ठोकणं सहन होत नव्हतं.

निविदेत अट होती की गादीचा दर तीन वर्षांच्या देखभालीसकट एकच द्यायचा. मला हसू आलं. गादीची देखभाल म्हणजे दुसरं काय, रुई चेपली की पुन्हा पिंजून द्यायची. वर्षाला एक पिंजाई आपण आपल्याकडूनच द्यायची असं ठरवून मी दर लिहिला आणि त्याच्या खाली, तुमच्या शिस्तीप्रमाणे, पिंजाईची किंमतही लिहिली.

ती शिस्त मला कशी लागली ते आठवतं का? मी नववीत असेन. शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांची रजई घरपोच दिली होती आणि बिल मी केलं होतं. दोरा आणि घरपोच आपण फुकट देत होतो, म्हणून मी ते लिहिलंच नाही. तुम्ही दुकानात पेपर मोठ्याने वाचत बसला होता, थांबलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा. बिलबुकातली नक्कल बघितली आणि पेपर खाली ठेवला. "फुकट देल्लं ते काहून नाही लिवलं? नाही लिवलं तं त्याले वाटते आपण काही देल्लंच नाही. आकडा लिव, अन् त्याच्यावर आडवी रेघ मार. रेघ मारली म्हंजे मागितल्यासारखं होत नाही." आणि भर उन्हात मला मास्तरांच्या घरी पाठवलं, एक आकडा लिहून तो खोडायला. मास्तर बिचारे झोपेतून उठले. मी रडत रडत रेघ मारली. त्या रात्री जेवताना तुम्ही तुमचं दाभण माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणालात, उद्यापासून गादीचे टाके तू घाल. तेच दाभण अजून वापरते.

आता गंमत ऐका. निविदा कॉम्प्युटरवर भरायची असते. सेंटरवरची बाई म्हणाली, "ताई, इथं आकड्यावर रेघ नाही मारता येत. ठेवू का काढू?" मी म्हटलं, ठेव. इतक्या वर्षांची सवय, काढायचं मनातच आलं नाही. झालं, यवतमाळच्या कार्यालयात कुणीतरी तो आकडा दरात मिळवला. पिंजाई दरात होतीच, ती पुन्हा चढली. तुलनेचा तक्ता आला तेव्हा आपण दुसऱ्या नंबरवर, आणि काम शहरातल्या एका व्यापाऱ्याला. मावशी म्हणाली, "जाऊ दे पोरी, सरकारशी कायले भांडतं?" पण मी तो तक्ता तीनदा वाचला. बेरीजच चुकली होती. हरायचं तर खऱ्या आकड्यावर हरू, असं म्हणून आक्षेप लिहिला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्वतः नेऊन दिला.

सुनावणीला मी तुमचं जुनं बिलबुक पिशवीत घालून नेलं होतं. पानापानावर तुमचं ते गोल, टपोरं अक्षर आणि फुकटच्या आकड्यांवर पट्टी लावून मारलेल्या रेघा. साहेब माणूस बरा होता. निविदेची अट मी वाचून दाखवली, एकच दर, सगळं धरून. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "सगळं दरात होतं तर खाली वेगळा आकडा लिहिलाच कशाला?" खोलीत तो व्यापारी बसला होता, त्याचा माणूस हसला. मला वाटलं, आता म्हणतील, चूक तुमचीच आहे, घरी जा.

तरी शेवटी ते म्हणाले, आकडा दरात मिळवायला नको होता. तक्ता पुन्हा झाला, आपण पहिले आलो. मावशीने ऐकलं आणि मशीनला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "तुया बापाची रेघ कामी आली पाह्य." मी हो म्हटलं आणि उगाच रुई उचलायला वाकले.

कारण साहेबांनी विचारलं तेव्हा मी बिलबुक काढलंच नाही, बाबा. घाबरून गेले आणि म्हणाले, "साहेब, आमचे बाबा अडाणी होते, त्यांनीच लावलेली सवय आहे, माफ करा." ते लगेच नरम झाले. व्यापाऱ्याचा माणूसही हसायचा थांबला. आणि बिलबुकाची पिशवी माझ्या मांडीवर होती. आठवतं, एकदा बँकेतल्या माणसाने न विचारताच अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला होता, तेव्हा तुम्ही तो बोटाने बाजूला केला, खिशातला पेन काढला आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाचं नाव आणि आडनावासकट, मागे रांग खोळंबली तरी. मी शेजारीच उभी होते.

सरकारने माझं बोलणं आदेशात आपल्या भाषेत उतरवून घेतलं आहे. "निविदाधारकाचे दिवंगत वडील अशिक्षित असल्याने" अशी सुरुवात आहे, खाली सही आणि गोल शिक्का. मावशीला मी आदेश वाचून दाखवला तेव्हा ती ओळ गाळली.

काम चालू आहे, मशीन रोज फिरते, मी सुखात आहे. हे पत्र बिलबुकात ठेवून देते. आदेशातली ती ओळ दुरुस्त करून हवी असेल तर साधा अर्ज पुरतो, मी विचारून आले आहे. सरकारची चूक मी मुदतीत दाखवली. हा अर्ज मात्र अजून केलेला नाही.